खिळ्यांच्या जागा

भुजबलीअण्णांनी शिडी वेदीमागच्या भिंतीला टेकवली, तिचे पाय घट्ट बसल्याची खात्री करून घेतली आणि पिशवीतून लाकडाला भोके पाडायचे गिरमिट काढले.

"अण्णा, हे कशाला?" दिपालीने विचारले.

"फोनवर तूच म्हणालीस न्हवं, हातापायांत खिळे न्हाईत म्हणून? राहिलेलं काम करून टाकतो."

दिपाली ख्रिस्ती धर्मशास्त्र आणि कला या विषयात पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहीत होती. खानापूर रस्त्यावरच्या या लहान चर्चमधील सागवानी ख्रिस्तमूर्ती हा तिचा विषय. मूर्ती क्रुसावर होती, पण तिच्यात कुठेही खिळा नव्हता. शिल्पकाराने तो जाणीवपूर्वक टाळला, हा ख्रिस्त स्वतःच्या इच्छेने तेथे थांबला आहे, असे तिने चाळीस पानांत मांडले होते. शिल्पकाराचे स्वतःचे म्हणणे आणल्याखेरीज हे प्रकरण मान्य होणार नाही, असे मार्गदर्शकांनी बजावले होते. आणि शिल्पकार म्हणजे उद्यमबागेतील फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात हयात घालवलेले, मूळ निपाणीचे हे जैन गृहस्थ.

"मी तक्रार केली नव्हती, अण्णा. खिळ्यांशिवाय तो तिथं थांबलाय, म्हणून..."

"थांबलाय कुठला? मागनं अर्ध्या इंची चार बोल्ट हायत. बघ जा."

दिपालीला हसू आले नाही.

"मग खिळे का नाही केलेत?"

अण्णांनी गिरमिटाचे टोक अंगठ्याने पुसले.

"ड्रॉइंगमध्ये होते की. बोटं झाली, बरगड्या झाल्या. भोकं पाडायला बसलो आणि हात चालला न्हाय. आमच्यात पाणीसुद्धा गाळून पितात गं. फादरना म्हटलं, सोमवारी करतो. एकतीस वर्षं झाली त्याला."

"पण मनात काही विचार असेल? काही हेतू?"

"खोटं कशाला सांगू?"

ते सावकाश शिडी चढले. चौथ्या पायरीवरून त्यांनी लाकडी तळव्यावर टोक टेकवले. गिरमिट फिरले नाही. बऱ्याच वेळाने ते खाली उतरले आणि त्यांनी ते तिच्यासमोर धरले.

"तू मार. देव तुमचा. मी शिडी धरतो. पेन्सिलीची खूण हाय बघ."

दिपाली चढली. खूण खरोखरच होती. फिकट, तळव्याच्या बरोबर मध्यावर. तिने टोक त्यावर ठेवले आणि तोल सावरण्यासाठी दुसऱ्या हाताने मूर्तीची बोटे धरली. या जखमांविषयी ती दोन वर्षे वाचत आली होती.

शेवटी तिने टोक खुणेवरून तसेच उचलले.

उतरल्यावर तिने गिरमिट त्यांच्या पिशवीत ठेवले आणि वही उघडली. 'जाणीवपूर्वक टाळले' हे शब्द खोडून तिने लिहिले, 'हात चालला नाही.'

"असलं लिवल्यावर पास करतील का गं तुला?"

"बघू, अण्णा."

मग त्या ओळीखाली तिने आणखी एक शब्द लिहिला: 'माझाही.'