पातेलंभर चहा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत गोधडी उलगडली आणि नोंदणीच्या बाईंनी आधी खिडकी उघडली. आलेली वस्तू आधी डोळ्यांनी वाचायची, हा त्यांचा शिरस्ता. आज नाकाने मध्येच नंबर लावला. नासक्या दुधाचा भपकारा होता.

"जुनी वस्तू म्हटली की वास यायचाच," गोधडी घेऊन आलेले चिरंजीव म्हणाले. चेहरा असा, की टाके यांनीच घातलेत. "शंभर वर्षांची आहे, मॅडम. पाटीवर माझं नाव जरा ठळक येऊ द्या."

दाराजवळच्या खुर्चीवर त्यांची आई बसली होती. "शंभर? मग मी जन्माला यायच्या आधीच शिवली म्हणायची!"

"तिला आता काही आठवत नाही," चिरंजीवांनी हसून सावरलं.

बाईंनी गोधडीची घडण लिहायला घेतली. वर सदऱ्यांचे, पडद्यांचे, गणवेशांचे तुकडे, आत जुन्या चादरींचे थर, खाली जाड अस्तर. धावदोरा कडेने निघून चौकोनी वळणं घेत मध्यापर्यंत पोचलेला. टाके तांदळाएवढे, फक्त एका कोपऱ्यात लांब नि सैल.

"इथे घाई झाली का हो, आजी?"

"घाई कसली! हा पोटात होता. वाकताच येईना."

शंभर वर्षं तिथेच निकालात निघाली. बाई गालात हसल्या आणि डागांकडे वळल्या. वापराचा डाग कुठे पडतो ते ठरलेलं असतं: हनुवटीपाशी, पायांपाशी. हा तपकिरी डाग मात्र सगळीकडे माखलेला, अगदी कालपरवा लावलेल्या ठिगळावरसुद्धा. बाईंनी चिमट्याने टाक्यांमधून काहीतरी उचललं. चहाची पत्ती. घडी उघडली, तर आत पिवळट सायीचा पापुद्रा चिकटलेला आणि त्यावर मुंग्यांची पंगत बसलेली.

"हे काय केलंत?"

चिरंजीवांनी घसा खाकरला. "आमच्या हिने कुठेतरी वाचलं. चहात भिजवलं की कापड जुनं दिसतं म्हणे."

"अहो, तो कोरा चहा! तुम्ही दूध-साखरेचा ओतलात?"

"पातेलंभर उरला होता. पाहुणे येऊन गेले होते ना. वाया कशाला घालवायचा? म्हणून मग कपांतलाही..."

बाईंनी उंदरांची घरटी पाहिली होती, कसरीने चाळण केलेले शालू पाहिले होते. पण उंदीर बिचारा कुरतडून गप्प बसतो, पाटी मागत नाही. आईच्या पांघरुणावर चारचौघांचं उष्टं ओतून वर मोठेपणा मागणारा प्राणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आई खुर्चीतून उठली. "झाले का फोटो? झोपायला लागते मला ती."

बाईंचा पेन थांबला. "तुम्हाला काय सांगितलंय, आजी?"

"फोटो काढून संध्याकाळी परत."

"आई, अगं नवं ब्लँकेट आणलंय ना तुला! केवढं मऊ!"

"मऊ आहे, पण सरकतं. अंगावर वजनच वाटत नाही."

चिरंजीवांनी दानपत्र स्वतःकडे ओढलं. "सही मीच करतो. तिचा हात थरथरतो."

"हात थरथरू दे," बाईंनी कागदावर तळवा ठेवला. "आजी, गोधडी इथे कायमची ठेवायची का?"

"कायमची?" म्हातारीने लेकाकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होता. "नाही. माझी आहे ती."

बाईंनी दानपत्रावर आडवी रेघ मारली. चिरंजीव तडकले. "मी सगळीकडे सांगून बसलोय! आता लोकांना काय तोंड दाखवू? मग इथेच टाकून द्या हे. असली घाण गाडीत कोण घालणार?"

आईने गोधडीचा काठ नाकाशी नेला. तोंड कडू झालं. काठ हातातून सुटला.

"ओकारी येते रे," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "घरी चल. थर उसवायचे, एकेक गार पाण्यात धुवायचा. तू. बायकोला सांगायचं नाही, मशीनला लावायचं नाही."

"मी?"

"उष्टं तू सांडलंस."

बाईंनी चिरंजीवांपुढे हातमोजे धरले. "नको," आई म्हणाली.

चिरंजीव वाकले आणि मान वळवून दोन बोटांच्या चिमटीत एक टोक उचललं.

"चिमटीत नाही," आई म्हणाली. "नीट कवेत घे."