आवाज बंद केलेला पंप

मी कमरेवरून बोलतोय. जरा जवळ या, कारण माझा आवाज बंद आहे. नाही नाही, बिघडलेलो नाही. मालकिणीनंच बंद केलाय.

मी इन्सुलिनचा पंप. तळहातावर मावेन एवढाच. माझ्या पोटातल्या डबीत इन्सुलिन असतं आणि तिथून निघालेली दोऱ्यासारखी नळी माझ्या मालकिणीच्या पोटात शिरते. तिच्या दंडावर एक चकती चिकटवलेली असते. ती दर पाच मिनिटांनी मला तिच्या रक्तातल्या साखरेचा आकडा कळवते आणि मी थेंब थेंब औषध सोडतो. सुट्टी म्हणाल तर तिच्या अंघोळीपुरती.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला जोडलं आणि टेबलावर ठेवून मनसोक्त ओरडायला लावलं. "घसा चांगला आहे हो याचा," ती शेजारणीला म्हणाली. माझ्या पडद्यावर सव्वीस भाषांतली अक्षरं उमटतात. शिवाय मला किंचाळता येतं आणि थरथरता येतं. एवढी शिदोरी घेऊन मी खोक्यात बसलो तेव्हा मला वाटलं होतं, आपलं बोलणं लोक कान देऊन ऐकतील. हौस बघा माझी!

मी ज्या बाईच्या वाट्याला आलो ती दुभाषी आहे. परक्या भाषेचा रुग्ण आला की हॉस्पिटलात तिला बोलावणं जातं. तिला चार भाषा येतात: एक आईची, एक शाळेची, एक सासरची आणि एक पोटापाण्याची. ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवते म्हणून नर्सांनी तिचं नाव 'मैना' पाडलंय. ती रागावत नाही.

तिच्या कामाचा एक नियम आहे. रुग्ण म्हणाला, "माझी छाती दुखते," तर मैनेनं "यांची छाती दुखते" असं म्हणायचं नाही. "माझी छाती दुखते" असंच म्हणायचं. या नियमापायी अकरा वर्षांत तिला चारदा जुळी झाली आहेत, मूतखडे तर किती पडले याची गणती नाही, आणि म्हाताऱ्या पुरुषांचे जे त्रास असतात तेही तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितले आहेत. डॉक्टर मंडळींना हे इतकं अंगवळणी पडलंय की मैना 'मी' म्हणाली की ते समोरच्या रुग्णाकडे बघतात.

आता माझ्या आवाजाचं. पूर्वी ती कोर्टातही जायची. एकदा साक्ष ऐन रंगात आली होती, न्यायाधीश पुढे वाकून ऐकत होते, आणि मी किंचाळलो. तिची साखर घसरत होती, मी तरी काय करणार? चार दिवसांनी कामं वाटणाऱ्या साहेबांचा फोन आला. "तुमचं काम उत्तमच आहे हो. पण ते वाजतं. लोक बिचकतात." झालं, कोर्टाचं काम सुटलं. मैनेनं त्याच संध्याकाळी मला नुसतं थरथरण्यावर टाकलं आणि आतल्या कपड्याला एक खिसा शिवून त्यात कोंबलं. त्यावर सदरा आणि सदऱ्यावर लोकरीचं जाकीट.

घरातलं कारण वेगळं. सासूबाईंना माझा पडदा वाचायची भारी आवड. "बघू किती दाखवतंय? एकशे ऐंशी! म्हणजे चोरून काहीतरी खाल्लं असणार." जेवताना घास तोंडाशी नेला की हे सुरू. शेवटी मैनेनं माझ्या पडद्याची भाषा बदलली आणि आईची भाषा लावली. ती त्या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. आकडेसुद्धा त्याच लिपीतले. सासूबाई चष्मा पुसून पुसून दमल्या. पण तिचं काही बरंवाईट झालं तर मला वाचणार कोण, हा विचार तिनं केला नाही. मी केला. मला तिचा राग येतो, तो याचाच.

गेल्या महिन्यात भर दुपारी ते घडलं. जेवायला बसताना तिनं माझं बटण दाबलं. जेवणाआधीचा मोठा डोस असतो, तो मी इमानेइतबारे दिला. तिनं डब्याचं झाकण उघडलं, तोच नर्स धावत आली. "मैने, चल आधी! आजोबा उठून घरी निघालेत."

डबा तसाच राहिला. ग्लुकोजच्या गोळ्या पिशवीत, आणि पिशवी डब्यापाशी.

आजोबा खोलीत बूट मांडीवर घेऊन बसले होते. मधुमेहाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेलं, पायाचं एक बोट काळं पडलेलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, बोट आजच काढलं नाही तर पुढच्या आठवड्यात पाऊल काढावं लागेल. मैनेनं ते त्यांना सांगितलं. योगायोग असा की आजोबांची भाषा तिच्या आईचीच निघाली. आजोबा जरा निवळले. एक बूट खाली ठेवला.

तिची साखर घसरायला लागली, मी थरथरलो. तिनं जाकिटावरून मला दाबलं. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

"बोट गेल्यावर चालता येईल का?" आजोबांनी विचारलं. "एकटा जिना चढेन का?" ती एकेक प्रश्न पोचवत होती. मी पुन्हा थरथरलो, पुन्हा दाबला गेलो. ती आत्ता उठली असती तर आजोबांनी दोन्ही बूट पायात चढवले असते, हे मलाही कळत होतं. मी इन्सुलिन सोडायचं थांबवलं. माझ्या हातात तेवढंच होतं. आधी दिलेलं थोडंच परत घेता येतं? आणि ते मीच दिलं होतं.

अर्ध्या तासात तिच्या भाषा एकमेकींत मिसळायला लागल्या. आजोबांना तिनं एक उत्तर शाळेच्या भाषेत दिलं. ते नुसतेच बघत राहिले. मग गुडघा चोळत ते काहीतरी पुटपुटले. डॉक्टरीणबाईंनी सवयीनं मैनेकडे पाहिलं.

मैना स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला घाम फुटलाय. माझे हात थरथरतायत. मला आत्ताच्या आत्ता काहीतरी गोड हवंय."

डॉक्टरीणबाई गर्रकन आजोबांकडे वळल्या. "नर्स, ग्लुकोजचं पाणी! आणि बोट टोचायचं यंत्र आणा. सकाळी तर तीनशेच्या वर होती यांची!"

अहो, ती बोलतेय! ती स्वतःचं बोलतेय! मी खिशात जिवाच्या आकांतानं थरथरत होतो. खुर्चीच्या लाकडाला लागून खडखड होऊ लागली. नर्स म्हणाली, "कुणाचा मोबाईल वाजतोय बघा." आणि पेला आजोबांच्या हातात दिला.

"मैने, त्यांना सांग, पटकन प्या."

मैनेची नजर पेल्यावर खिळली होती.

आजोबांनी पेल्याकडे पाहिलं, मग मैनेच्या तोंडाकडे. मांडीवरचा बूट पडला. ते त्या दुखऱ्या पायावर उभे राहिले आणि पेला तिच्या ओठांना लावला.

"पी," ते म्हणाले.

ती प्यायली. अर्धं जाकिटावर सांडलं.

थोड्या वेळानं ती सावरली, तशा डॉक्टरीणबाई चिडल्या. घाबरल्या होत्या, म्हणून चिडल्या. "अहो, बोलायचं नाही का?"

"बोलले की," मैना म्हणाली. "मीच बोलले, डॉक्टर."



मग आजोबा मैनेशी काही बोलले, ती त्यांना काही म्हणाली, ते पुन्हा बोलले. "काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मैनेनं फक्त शेवटचं सांगितलं. "माझं बोट काढा. मी तयार आहे."

आधीचं तिनं गिळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

त्याला महिना झाला. आजोबा काठी घेऊन जिना चढतात म्हणे. मी त्याच खिशात, त्याच जाकिटाखाली. आवाज बंदच. घरी तिनं अवाक्षर काढलेलं नाही. मैने, मी काही जन्माला पुरणार नाही. माझी हमी संपत आली, तुझ्या कमरेला दुसरा येईल. त्याला तरी ओरडू दे. एखादं काम सुटलं तर सुटू दे.

आणि तिनं गिळलेलं ते बोलणं मी सांगून टाकतो. आजोबांनी विचारलं होतं, "पोरी, सगळ्यांचं तू बोलतेस. तुझं कोण बोलतं?"

"कुणी नाही, आजोबा," ती म्हणाली.

मी तिथेच होतो, तिच्या कमरेवर. पण तेव्हा साखर एकशे दहावर आली होती, आणि साखर ठीक असली की मला थरथरताही येत नाही.