दम लागतो का?

हॉटेलाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मोठमोठी यंत्रं दिवसभर घरघरत असत, आणि त्या सगळ्यांच्या वरताण एक आवाज असे. तो सुपरवायझरचा. त्याला पाठीमागे सगळे भोंगा म्हणत. हे नाव वरच्या स्वयंपाक्याला माहीत होतं, दारावरच्या वॉचमनला माहीत होतं, खुद्द भोंग्याच्या बायकोलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या भोंग्याला, कारण बोलायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं आणि ऐकायचं इतरांना वाटून दिलं होतं.

दम दिल्याशिवाय माणूस हलत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. चादरी ओल्या राहिल्या, दे दम. चादरी जास्त वाळल्या, दे दम. एखाद्या दिवशी चादरी अगदी हव्या तशा वाळल्या, तर उद्यासाठी आगाऊ दम. हीच पद्धत त्याने घरीही लावली होती, आणि तिथे ती अंगाशी आली. बँकेत चांगली चिकटलेली लेक एकदा जेवताना म्हणाली, मला नोकरी सोडून सुतारकाम शिकायचंय. भोंग्याने असा काही दम भरला, की वरच्या मजल्यावरची बाई, काय कोसळलं ते बघायला खाली आली. लेक त्यावर काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आता वर्ष होत आलं होतं. "आई, बाबांना सांग, नळाचं पाणी गेलंय," असं ती बाबांच्या समोर बसून सांगे, आणि आई बिचारी तेच वाक्य उचलून दोन हातांवर बसलेल्या नवऱ्याला पोचवे. भोंगा म्हणे, बोलू नकोस, माझं काय अडलंय? आणि संध्याकाळी तिची चप्पल दाराशी दिसेपर्यंत खिडकी सोडत नसे.

तर एके दिवशी झालं असं, की नव्याने कामाला लागलेल्या दोघी बायका मोठ्या यंत्रात अडकलेला ओल्या चादरींचा पीळ सोडवत होत्या. भोंग्याला ते बघवेना. "व्हा बाजूला! जोर कसा लावतात ते बघा!" असं म्हणत त्याने यंत्राच्या तोंडात अर्धं अंग घातलं, काठावर छाती रेटली, आणि ओढणं व ओरडणं ही दोन्ही कामं एकदम केली. आत कुठेतरी कट्ट झालं. चादरी जागच्या हलल्या नाहीत. भोंगा बाहेर आला, "समजलं ना? असं," म्हणाला आणि जमेल तितक्या ताठ मानेने निघून गेला. मग त्या दोघींनी यंत्र जरा उलटं फिरवलं आणि चादरी आपसूक सुटल्या.

दुसऱ्या दिवशी श्वास घेतला की डाव्या बरगडीत सुई खुपसल्यासारखी कळ येऊ लागली. अर्ध्या श्वासापर्यंत ठीक, पुढच्या अर्ध्याला जीव कळवळायचा. खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे. शिंकेची तर त्याला दहशतच बसली. पण हे कशाने झालं ते त्याने कुणालाही सांगितलं नाही. चादरींशी झटापट करून आपण हरलो, हे कबूल करण्यापेक्षा दुखणं आपोआप उगवलंय म्हणणं शोभून दिसत होतं.

कारणं पुरवायला बाकीचे होतेच. स्वयंपाकी म्हणाला गॅस, कारण त्याच्या मते जगातलं प्रत्येक दुखणं गॅसच होतं. घराच्या वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, फुप्फुसाच्या आवरणाला सूज. तिच्या दिराला सेम असंच झालं होतं, आणि दीर आता कसे आहेत हे विचारल्यावर तिने विषय बदलला. वॉचमनने, पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाते, असं कुठेसं वाचलं होतं. तो भोंग्याच्या पायांकडे फार सहानुभूतीने बघू लागला. मेव्हण्याने थेट हृदयाला हात घातला. "हृदयच, दाजी. लिहून देतो," तो म्हणाला, आणि इतक्या उत्साहाने, की भोंग्याला त्याचाच जास्त राग आला. बायको म्हणाली, "ओरडून ओरडून झालंय." या एवढ्या एका कारणाकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तरी भोंगा डॉक्टरकडे जाईना. शेवटी सकाळी लेक बँकेत निघताना म्हणाली, "आई, बाबांना सांग, छातीचं दुखणं अंगावर काढू नका." आईने निरोप तोंडाबाहेर काढायच्या आत भोंगा उठून शर्ट घालत होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नाडी बघितली, ताप बघितला आणि विचारलं, "दम लागतो का?"

भोंग्याला प्रश्न आवडला. बाईंना कामाची जाण दिसत होती. "लागतो की," तो अर्ध्या श्वासात म्हणाला. "रोज लागतो."

"काम करताना?"

"कामावर तर... लागतोच. त्याशिवाय... चालतच नाही."

"बसल्याबसल्या पण?"

"हल्ली... बसूनच. वय झालं आता."

"कधीपासून होतंय हे?"

"सुपरवायझर झालो... तेव्हापासून. वीस वर्षं असतील."

बाई खुर्चीतून उठल्याच. पुढच्या काही मिनिटांत भोंगा पलंगावर आडवा होता, बोटाला चिमटा, छातीवर वायरी, दंडातून रक्त काढून नेलेलं. मग एक्स-रे झाला. एका साध्या उत्तराला एवढा मान मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. मेव्हण्याचं खरं ठरतंय की काय, अशी शंका मात्र त्याला आली. आपण गेलो तर लेकीचं आपल्याशी शेवटचं बोलणं 'अंगावर काढू नका' एवढंच ठरेल, आणि तेही आईमार्फत, हे त्याला पलंगावर पडल्यापडल्या लख्ख दिसलं.

दवाखान्यातून घरी निरोप गेला, बायकोने बँकेत फोन केला, आणि लेक तशीच धावत आली. डॉक्टरीणबाईंनी आधी तिलाच फैलावर घेतलं. "वीस वर्षं यांना दम लागतोय, बसल्याबसल्या लागतोय, आणि घरी कुणाला पत्ता नाही?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं.

"लागत नाही हो, डॉक्टर," ती म्हणाली. "देतात."

"काय देतात?"

"दम. कामावरच्या लोकांना. आम्हालाही."

बाईंनी हातातले कागद पुन्हा चाळले. हृदय व्यवस्थित होतं. रक्तात काही नव्हतं. फुप्फुसं स्वच्छ होती, आणि का नसावीत, वर्षानुवर्षं त्यांचा व्यायाम चालू होता. फक्त एक्स-रेत डाव्या बाजूच्या एका बरगडीला बारीक तडा होता.

"कुठे आपटलात?" बाईंनी विचारलं.

"आपोआप झालंय."

"बरगडी आपोआप मोडत नाही."

पंखा चांगलाच रंगवलेला होता. भोंगा तो बघत राहिला. तेव्हा लेक पलंगाजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, काय केलंत?"

हे तीन शब्द ऐकण्यासाठी तो वर्षभर खिडकीत उभा राहिला होता. ते मिळाले आणि बदल्यात चादरींची गोष्ट सांगावी लागली. त्याने सगळी सांगितली, उलट्या फिरवलेल्या यंत्रासकट. लेक खो खो हसत सुटली. त्यालाही हसू आलं, हसण्याने कळ आली, डोळ्यांत पाणी आलं. "कळेमुळे आलंय," त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

"गोळ्या वेळेवर घ्या," त्या म्हणाल्या. "खोकताना छातीशी उशी धरा. मधूनमधून सावकाश खोल श्वास घ्या, नाहीतर छातीत कफ धरेल. ओझं उचलायचं नाही, आणि ओरडायचं तर मुळीच नाही. ताप आला किंवा दम लागला तर ताबडतोब या. लागला म्हणजे, तुम्हाला लागला तर."

मग धुलाईखान्यात शांतता नांदू लागली. काम अडलं नाही, उलट लवकर आटपू लागलं, हे भोंग्याच्या फार जिव्हारी लागलं. पण घरी वेगळंच घडत होतं. लेक रोज विचारायची, "आज कसंय?" आणि मग समोर बसून बोलत राहायची. लाकडाला रेषा असतात, रेषेविरुद्ध रंधा मारला की लाकूड फाटतं, असलं काहीबाही. मध्ये तोडायला भोंग्याजवळ श्वास पुरत नसे, म्हणून तो ऐके. ऐकायला तसं वाईट नव्हतं.

आणि एका सकाळी कळ गेली. त्याने भीतभीत श्वास घेतला, मग मोठा घेतला, मग छाती भरून घेतला. काही नाही.

त्याच दिवशी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मी राजीनामा दिला. सुतारशाळेत जागा मिळाली."

आईचा चमचा हवेतच थांबला. भोंग्याची छाती फुगली. पूर्ण फुगली, वरच्या मजल्यापर्यंत पोचेल इतकी. लेक ती छाती बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मिटत चालला, वर्षभर मिटलेला होता तसा.

भोंग्याने घेतलेला श्वास तसाच सोडून दिला आणि बरगडीवर हात ठेवला.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"हो. अजून आहे जरा."

तिने त्याच्या हाताकडे बघितलं. "बाबा, तडा डावीकडे होता."

भोंग्याने उजव्या बरगडीवरचा हात काढला नाही. "सरकलाय," तो हळूच म्हणाला.