धागा तुटला की जाहिरात

मी एक जुना हातमाग आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला कोणाचे बोलणे लवकर पटत नाही. हा माझा दोष नाही, धंदाच तसा आहे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, दोन-अडीच हजार धाग्यांत एखादा कच्चा धागा असतोच. तो कुठे आहे हे तुटल्याशिवाय कळत नाही. साठ वर्षे असे काढल्यावर कोणाचाही स्वभाव संशयी होईल.

भंडारा जिल्ह्यात मोहाडीच्या बाजूला कोसा, म्हणजे इकडचे टसर रेशीम, विणणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथल्या एका घरात धनीराम सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले. विणकराचे पाय खाली मोकळे राहावेत म्हणून जमिनीत खड्डा खणला आणि त्यावर मला बसवले. तेव्हा गोपाळराव दहा वर्षांचे होते. वडिलांच्या शेजारी बसून ते धोटा फेकायला शिकले. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी लाकडी नाव. पहिल्या दिवशी त्यांनी तो इतक्या जोराने फेकला की तो थेट चुलीपाशी जाऊन पडला. वडील रागावले नाहीत, हसले. मला मात्र तेव्हाच शंका आली होती की या पोराचे काही खरे नाही. माझी ती शंका साफ चुकली. पुढे त्यांच्या हातचा कोसा नुसता बोटांनी चाचपून व्यापारी म्हणत, "हा गोपाळरावचाच."

चांगले दिवस बरेच टिकले. मग कोशाचे सूत महागले, यंत्राचे कापड स्वस्त झाले आणि गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले. मीही झालो. तीन वर्षे माझ्यावर ओल्या छत्र्या वाळल्या, कांद्याच्या माळा लटकल्या, एका कोंबडीने तर माझ्या पावड्यांपाशी, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांपाशी, अंडी घातली. तिने निदान मला उपयोगाचे मानले, म्हणून तिच्यावर माझा राग नाही. घरच्यांवर होता. गोपाळरावांचा मुलगा भूपेंद्र सकाळीच बसने जवाहरनगरला कामाला जायचा. मला सरपण करायला काढावे असे त्याने दोनदा सुचवले होते.

मग भूपेंद्रचे लग्न झाले आणि गुंजन घरात आली. तिने कांदे उतरवले, कोंबडीला हाकलले, तेलाचा बोळा घेऊन माझा एकेक सांधा पुसला. मला बरे वाटले, पण विश्वास बसला नाही. एवढी सेवा कोणी उगाच करत नाही. चार दिवसांनी उत्तर मिळाले. तिने माझ्यासमोर एक तीन पायांची काठी उभी केली, तिच्यावर मोबाइल बसवला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, आता विणा. लोकं लाइव्ह पाहून राहिले."

कोणते लोक? घरात तर कोणी नव्हते. पण फोनवर लाल बदाम उडू लागले. 'वाह बाबा', 'काय हात आहे' असे लोक लिहीत होते आणि गुंजन ते मोठ्याने वाचून दाखवत होती. पुण्यातल्या माणसाने सकाळी दहा वाजता आपले काम सोडून एका म्हाताऱ्याचे खांदे हलताना का पाहावेत, हे मला आजही कळलेले नाही. पण गोपाळराव ताठ बसू लागले होते. मी करकरत का होईना, पुन्हा चालू लागलो होतो. मग कुरकूर तरी कशी करणार?

काही महिन्यांनी पाहणारे वाढले आणि फोनवर एक नवे बटण आले. ते दाबले की पाहणाऱ्यांना थोडा वेळ जाहिरात दिसते आणि त्याचे थोडे पैसे घरी येतात. त्यातून नेटचा खर्च निघे, सुताला हातभार लागे. गुंजन समजूतदार मुलगी आहे. विणकाम रंगात असताना लोकांना अडवायचे नाही, असे तिने ठरवले. धागा तुटला की गोपाळराव थांबत, बोट ओले करून दोन्ही टोके पिळत, बारीक गाठ मारत. "आता तसंही काही दिसून नाही राहिलं," असे म्हणून ती नेमके त्याच वेळी बटण दाबायची.

मला ते खटकत होते. जाहिरात कसली लागते हे तिला माहीत नव्हते, कारण दाखवणाऱ्याच्या फोनवर ती दिसतच नाही. ती फक्त पाहणाऱ्याला दिसते. आपल्या दारात कोण उभे राहून काय विकतो आहे हे घरमालकालाच ठाऊक नाही, असा कारभार मी कधी पाहिला नव्हता.

पहिला फटका दिवाळीनंतर बसला. लाइव्ह पाहून एकाने मागवलेली, पुण्याला पाठवलेली साडी परत आली. सोबत चिठ्ठी होती, 'साडीत गाठी आहेत. लाइव्हमध्ये तुमचा धागा एकदाही तुटला नाही.' गोपाळरावांनी ती दोनदा वाचून घेतली. हातमागावर गाठ पडतेच, आणि हे हाताचे काम आहे हे त्या गाठीवरूनच कळते. पण त्या गाठी पडताना कोणी पाहिल्याच नव्हत्या. दर गाठीवर जाहिरात पडली होती. गुंजनला हे तेव्हा उमगले नाही. मला थोडे उमगले होते, पण मागाला विचारतो कोण?

मग मांडवाच्या दिवसांत सानगडीहून ललिताबाई आल्या. गोपाळरावांची धाकटी बहीण. त्यांच्या मुलीचे, कीर्तीचे, लग्न बारा दिवसांवर होते. पिशवीतून त्यांनी एक साडी काढली. कोसा रंगाची, जांभळ्या काठाची.

"भाऊ, पाहा. कीर्तीच्या लग्नात मी हीच नेसणार. तुमच्याच मागावरची!"

गोपाळरावांनी आधी काठ पाहिला. त्यांनी अशी साडी विणलीच नव्हती.

"कोणी देल्ली तुले?"

"देईन कोण? तुमच्या लाइव्हवरच आली. तुम्ही धोटा चालवून राहिले होते, मंग थांबले, अन् लगेच ही दाखवली. खाली लिहिलं होतं, असली भंडारा कोसा. मी बटन दाबलं. तुम्हाले मांगितली असती तर तुम्ही पैसेच घेतले नसते, मले माहीत नाही काय? म्हणून मोबाइलवरून घेतली. तुमच्या घरी पैसे तरी येतील म्हटलं."

गुंजनने हातातला चहाचा कप खाली ठेवला. बटण तिनेच दाबले होते.

गोपाळरावांनी साडीवर हात ठेवला. साठ वर्षे कोसा ओळखणारा तो हात. मी त्यांचा अंगठा कापडावर थांबलेला पाहिला आणि मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "छान हाय, ललिता." मला त्यांचा इतका राग आला, मित्रांनो, की चालता येत असते तर मी उठून बाहेर गेलो असतो.

पदराला गोंडे बांधून द्या, असे सांगून ललिताबाई साडी ठेवून गेल्या. त्या बसमध्ये चढल्याचे कळले तेव्हा गोपाळरावांनी पदराचा एक धागा ओढून काडी लावली. कोसा जळला की केस जळाल्यासारखा वास येतो आणि मागे भुसभुशीत राख उरते. हा धागा वितळला आणि त्याचा कडक काळा मणी झाला.

"विणकराची बहीण भरमांडवात प्लास्टिक नेसून बसंल," ते म्हणाले. "आपल्या समाजाचे लोकं हात लावून पाहतेत, बाई. अन् ते सांगंल, माह्या भावानं विणली."

मग त्यांनी ठरवले की हुबेहूब तशीच खरी साडी विणायची आणि गुपचूप बदलून द्यायची. बहिणीला कळणारही नाही.

"आत्याबाईची बदलून द्याल, मामाजी," गुंजन म्हणाली. "पण तुमच्याकडे पाहून आखीन किती बायांनी घेतली असंल? त्याह्यची कोण बदलून देईन?"

गोपाळराव तो काळा मणी बोटांत फिरवत राहिले. जाहिरात बंद केली तर सुताचा हातभार जाणार, आणि मी पुन्हा कांद्यांखाली जाणार हे मला स्पष्ट दिसत होते. माझा संशयी स्वभाव त्या दिवशी माझ्याच उपयोगी पडेना.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा काठीवर चढला. जांभळा काठ लावून गोपाळराव विणायला बसले. थोड्याच वेळात धागा तुटला. गुंजनने बटण दाबले नाही. तिने फोन हातात घेऊन तुटलेल्या टोकांजवळ नेला आणि म्हणाली, "हे नीट पाहा. अशी गाठ प्रत्येक साडीत राहते. मी आजपर्यंत हे तुमच्यापासून लपवलं. मुद्दाम नाही, पण लपवलं. अन् मधात जी जाहिरात लागते, ती मले दिसत नाही. त्यातली साडी आमची नाही. एका बाईनं ती आमची समजून लग्नासाठी घेतली. ती कोसा नाही."

निम्मे लोक निघून गेले. बदाम उडाले नाहीत. कोणीतरी लिहिले, 'मग इतके दिवस पैसे का घेतले?' तिने तेही वाचून दाखवले.

तेवढ्यात गोपाळरावांचा साधा फोन वाजला. सानगडीहून होता. ललिताबाई पाहत होत्या. गोपाळरावांना कमी ऐकू येते म्हणून त्यांनी आवाज मोठा करून ठेवलेला असतो, त्यामुळे मलाही सगळे ऐकू आले.

"ते एक बाई म्हणजे मीच न, भाऊ?"

"होय."

"तुम्हाले काल हात लावल्यावर समजलं होतं?"

"समजलं होतं. तुह्या आनंदावर पाणी कायले टाकू म्हटलं."

मग त्या रडत रडत म्हणाल्या, "मले बी समजलं होतं, भाऊ. घरी पाकीट उघडलं तेव्हाच. मी बी त्याच घरची पोरगी हावो, मले कोसा समजत नाही काय? पण मले वाटलं, तुमचे हात थकले, चांगलं सूत बी परवडत नसंल. आता भाऊच्या हातून असंच निघते. म्हणून काही बोलली नाही. मी तीच नेसणार होती."

गोपाळरावांनी फोन खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले. एरवी कधी न रडणारा हा माणूस माझ्या तुरीवर डोके टेकून रडला. तुरी म्हणजे विणलेले कापड गुंडाळायचा दांडा. तो ओला झालेला मला आवडत नाही, पण त्या दिवशी मी काही म्हटले नाही.

साडी अकराव्या दिवशी उतरली. तिच्यात सात गाठी होत्या. ललिताबाईंनी मांडवात ज्याने ज्याने विचारले त्याला त्या मोजून दाखवल्या, असे ऐकले.

आता जाहिरात लागते ती विणायला बसण्याआधी, आणि गुंजन रोज सांगते की ही आमची नाही. पाहणारे कमी आहेत, सूतही कमी येते. माझे पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. तुम्हांला कोणी सांगितले की सगळे छान होईल, तर त्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पण मित्रांनो, एवढे मात्र माझे ऐका. ज्याच्यावर तुमची माया आहे, त्याच्या चेहऱ्याशेजारी एखादी वस्तू दिसली, तर घेण्याआधी त्याला एक फोन करा. आणि घेतलेली वस्तू खोटी निघाली, तर त्याचे हात थकले असे मनात ठरवून गप्प बसू नका. त्याला विचारा. तो रागावेल, पण त्याचे हात अजून चांगले आहेत, एवढे तरी तो तुम्हांला सांगू शकेल.