पाचवा पाहुणा

दिवाळी सरली की चिंचाळवाडीत कुत्रीसुद्धा बेतानंच भुंकतात, कारण ऐकायला आहे कोण? अख्खा गाव ऊसतोडीला गेलेला असतो, कोण श्रीगोंद्याला, कोण देवळालीकडं. मागं उरतात चार म्हातारी माणसं, शेळ्या आणि झोळीबाबांच्या मठातलं अन्नदान. बाबांनी जाताना ट्रस्टला एकच दंडक घालून दिला होता, की पाच पाहुणे जेवून उठल्याशिवाय सेवेकऱ्यानं घास घ्यायचा नाही. बाबांच्या काळी पाच काय, पाचशे यायचे. पुढं गावच उठून जाणार आहे, हे बाबांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

त्या दिवशी दुपारचे तीन वाजले तरी पाहुणे चारच झालेले. रोजचे दोन म्हातारे, एक मेंढपाळ आणि कांद्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर. ड्रायव्हर घरून जेवून आलेला, पण सेवेकरी कल्याण टेम्पोपुढं आडवाच पडला म्हटल्यावर बिचारा काय करतो? जेवला आणि पोट धरून गेला. त्याला परत बसवावं असं कल्याणच्या मनात होतं. पण ट्रस्टचे प्रमुख गहिनीनाथअण्णा पडले रिटायर्ड तलाठी. "एक माणूस, एक पान," म्हणाले. विषय संपला.

स्वयंपाक सांभाळणारा बजरंग पिठलं तिसऱ्यांदा ऊन करत होता. त्याच्याही पोटात कावळे ओरडत होते, पण त्याचा जीव अडकला होता समोरच्या घरात. गोजरबाईच्या चुलीचा धूर दोन दिवस दिसला नव्हता. पोरगा, सून कारखान्यावर. गुडघे गेलेले. घरात रेशनचे गहू होते, पण दळणार कुठं? गिरणीवालाच ऊस तोडायला गेलेला. मठात ये म्हणावं तर म्हातारी अंगावर येई. बजरंगाला हे बघवत नव्हतं, अगदी खरं सांगायचं तर त्याला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी तो तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसला.

"मावशी, जेवायला चला."

"आयतं खायाला मी काय भिकारी हाय?"

"तुमच्यावर उपकार न्हाई. तुमी जेवल्या तर आमाला जेवता येतंय. चौघं सेवेकरी सकाळधरनं उपाशी हायेत."

गोजरबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मंग आधी काम दे. कष्टाचं खाईन."

बजरंगाला वाटलं, जिंकलो. तिला हाताला धरून आणलं, परातीपुढं बसवलं. म्हातारीनं अशा भाकरी थापल्या, की कल्याण नुसता बघत राहिला. दहा भाकरी झाल्या. बजरंगानं पान मांडलं.

"थांबा," अण्णा म्हणाले. "हिनं सेवा केली. म्हणजे ही सेवेकरी झाली. सेवेकऱ्याला पाच पाहुण्यांआधी घास न्हाई."

आता बोला! मघाशी चौघं उपाशी होते, आता पाच झाले. बजरंगानं कपाळावर हात मारला. गोजरबाईला मात्र अण्णांचं म्हणणं पटलं. "बराबर हाय त्यांचं," म्हणाली आणि पदर सावरून भुकेल्या रांगेत जाऊन बसली. बसताना तिचा तोल गेला. बजरंगानं ते पाहिलं.

"अण्णा, मी सेवा सोडली."

सेवा सोडणारा पुन्हा सेवेत येत नसे, हाही दंडकच. बजरंगाची अकरा वर्षांची सेवा होती. बायकोच्या आजारपणात केलेला तो नवस होता. बायको गेली, तरी त्यानं सेवा चालू ठेवली होती.

"विचार करून बोल," अण्णा म्हणाले.

"केला."

तो मागच्या दारानं बाहेर पडला, मठाला वळसा घालून पुढच्या दारात येऊन उभा राहिला. अण्णा तांब्या घेऊन सामोरे गेले. त्याच्या पायांवर पाणी घातलं.

"या पाहुणं. कुठून आलात?"

"मागच्या दारातनं."

अण्णांनी मान डोलावली आणि त्याला पाटावर बसवलं. कल्याणनं वाढलं. चार उपाशी माणसं समोर बसून घास मोजतायत म्हटल्यावर जेवण कसलं जातंय घशाखाली? बजरंगानं पाण्याच्या घोटाबरोबर दोन भाकरी ढकलल्या आणि उठून हात धुतला.

मग सेवेकऱ्यांची पंगत बसली. गोजरबाई खाली मान घालून जेवू लागली. एक भाकरी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. पिठलं संपलं तशी ती कोरडी भाकरी मोडू लागली. बजरंग वाढायला धावला, तर अण्णांनी त्याचा हात धरला. पाहुण्यानं भांड्याला हात लावायचा नसतो. तो तिथंच उभा राहिला, डोळे पुसत.

"पोट भरलं का, मावशी?"

"सेवेकऱ्याला असं इचारत्यात व्हय?" गोजरबाई म्हणाली. चौथी भाकरी संपवून ती पाणी प्याली, तिनं ढेकर दिली आणि अण्णांना विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

"सातला."

ती भिंतीला धरून उठली. जाता जाता बजरंगापाशी थांबली.

"उद्या येळेवर या बरं का, पाहुणं. तुमी जेवल्याबिगर मला घास न्हाई."