गुरुवारचं शहाळं

मला तीन डॉक्टर आहेत. साखरेचा मालवणात, हृदयाचा कुडाळात आणि मूत्रपिंडाचा पार गोव्यात. तिघेही हुशार, पण एकमेकांशी बोलत नाहीत. एकाने दिलेली गोळी दुसरा बंद करतो, आणि निरोप पोचवायला मी. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्या सवयीने गोळ्यांचा हजेरीपट ठेवलाय. अकरा गोळ्या. एकही दांडी मारत नाही, माणसं मारतात. मुलगी रसिका पुण्याहून फोन करते, 'काळजी घे' म्हणते आणि ठेवते. घेतेच आहे. दुसरं काम काय मला?

गुरुवारी तेवढा सत्यवान यायचा. माझा जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा. धामापूरला त्याची माडांची बाग आहे. बाजाराला येताना माझ्यासाठी एक शहाळं आणायचा, कोयत्याने तासून द्यायचा आणि माझं पिऊन होईपर्यंत समोर बसायचा. म्हणून मी अगदी सावकाश प्यायचे. आठवड्यात माझा उंबरा ओलांडणारा तो एकटाच.

जुलैत गोव्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. "पोटॅशियम फार वाढलंय. शहाळं पिता?"

"आठवड्याला एक."

"आजपासून बंद. नाहीतर डायलिसिसवर जाल."

सत्यवानला सांगितलं, तर त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे बाई, मी तुमका वीखच दिलंय."

"तुका काय ठावक रे? तू आपलो येत जा."

पुढचे दोन गुरुवार तो आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मीच फोन लावला.

"आजारी माणसाकडे रिकाम्या हातान कसो येव, बाई?" तो म्हणाला. "केळी चलतीत?"

"त्येतूय पोटॅशियम."

"खाजा?"

"साखर."

"सुके बांगडे?"

"मीठ." तिन्ही डॉक्टरांनी मिळून त्याला माझ्या दारात बंदी केली होती. तो फोन ठेवेल म्हणून मी घाबरले, आणि आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका सांगणारी मी म्हणाले, "आता शहाळां चलता. डॉक्टरानच सांगल्यान."

तो गुरुवारी आला. शहाळं तासून पेला भरला. "गोळी घेवन मगे पितंय," म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि त्याला बागेचं विचारत राहिले. पंधरा-वीस मिनिटं बसला. तो गेल्यावर पेला अबोलीच्या मुळाशी ओतला. असे सात गुरुवार गेले. अबोली काय फुलली म्हणून सांगू.

नव्या रिपोर्टात पोटॅशियम उतरलं. "शाबास," डॉक्टर म्हणाले. "घरी हे सगळं कोण बघतं?"

"मीच."

कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. रसिकाला फोन केला, ती मीटिंगमध्ये होती. दोन दिवस ती शाबासकी मी एकटीच घरभर घेऊन फिरले. गुरुवारी सत्यवानने पायरीवर चप्पल काढतानाच विचारलं, "रिपोर्ट कसो इलो, बाई?"

"बरो इलो रे. खाली इला सगळा."

त्याला केवढा आनंद झाला. "बघा, माज्या शहाळ्याचो गूण. पुढच्या गुरवारी दोन घेवन येतंय."

त्याला खरं सांगायला हवं होतं. पण दोन शहाळी तासायची म्हणजे अर्धा तास तरी बसेल.

"ये," मी म्हटलं.