आहेराचा धूर

शेजारच्या तोक्तोबेकच्या हमामखान्याच्या धुराड्यातून काळा धूर सुटला आणि माझी नात पुन्हा खोकायला लागली. ओठ निळे पडतात पोरीचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, धुरापासून लांब ठेवा. बिश्केकच्या हिवाळ्यात लांब म्हणजे कुठं, माझ्या कपाळात?

तशीच गेले त्याच्या अंगणात. मेला भट्टीत कापडं कोंबत होता. त्या जळक्या वासानं मी नाक दाबलं.

"तोक्तोबेक, माझ्या नातीचा जीव घेतोस का रे?"

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "कोळसा परवडत नाही आता. कापड फुकट मिळतं."

"कोण देतं फुकट?"

"सगळेच. लग्नातले आहेर. घरात ठेवायला जागा आहे कुणाच्या?"

त्यानं पोतं उलटं केलं. नायलॉनचे सदरे, चकचकीत शाली, किमतीच्या चिठ्ठ्याही तशाच. एकही अंगाला लागलेला नाही. शी. आणि त्यात सोनेरी वेलीचा जांभळा झगा. थोरल्याच्या लग्नात मीच विहिणीच्या खांद्यावर घातलेला. तीही या नातीचीच आजी, म्हणून बोलायची सोय नाही.

धाकट्याचं लग्न तोंडावर आलेलं. घरी येऊन नवऱ्याला, झापारला, सांगितलं, "या वेळी व्याह्यांना कपडे द्यायचे नाहीत."

"वेडी आहेस का? सगळं कुळ तोंडावर थुंकेल. कंजूष म्हणतील."

"नात गुदमरतेय."

"धूर तोक्तोबेकचा आहे, आपला नाही," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

भांडायला हवं होतं, पण कंजूष म्हणवून घ्यायची लाज मलाही तेवढीच होती. बाजारातून पेटी भरून कपडे आणले. लग्नात नव्या विहिणीला हिरवा झगा घातला, तिनं मला तांबडा. दोघींनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि गोड हसलो. किळस आली मला तिची, आणि त्याहून माझी.

दोन दिवसांनी तोक्तोबेक पोतं घेऊन फाटकाशी आला.

"एजे, काही टाकायचंय?"

"माझ्याकडून चिंधी मिळणार नाही तुला," मी ठणकावलं. तांबडा झगा मी पेटीच्या तळाशी दाबून ठेवला होता.

"राहू द्या. तुमच्या नव्या विहीणबाईंनी पुष्कळ दिलंय."

पोत्यातून हिरवी बाही लोंबत होती. तो हमामखान्याकडे वळला. मी घरात येऊन खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि नातीला मांडीवर घेऊन बसले.